टबातलं आम्ल आणि आपला यत्नाचार



इथे अमेरिकेत ज्यांच्या घरी हॉट टब आहे, त्यांना आपल्यातलीच कुणीतरी सांगते, "पीएच वाढला? व्हिनेगर घाल, नैसर्गिक असतं." मला हे मुळीच पटत नाही. आंबवलेलं म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी जे ताटात घेत नाहीत, ते टबात मात्र अहिंसक कसं? त्यातलं ॲसिटेट पाण्यात राहून जंतूंचं खाद्य होतं. मग क्लोरीन वाढवा. म्हणजे आधी जीव पोसायचे, मग मारायचे!

दुसरं टोक म्युरिॲटिक ॲसिडचं. आमच्याकडे नुसती बाटली उघडली, तर सासूबाईंना ठसका लागला.

मी सोडियम बायसल्फेट घेते. तेही निर्दोष नाही. सल्फेट साठून हीटर गंजू शकतो. पण दाणेदार असल्याने नीट मोजता येतं. आधी क्षारता बघा, ८० ते १२० पीपीएम हवी. पंप चालू ठेवून थोडं थोडं घाला, पुन्हा मोजा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आला की थांबा. आणि कुठलंही आम्ल क्लोरीनजवळ ठेवू नका, विषारी वायू सुटतो.

'नैसर्गिक' म्हटल्याने अहिंसा होत नाही, बायांनो. ती यत्नाचाराने होते.