परीक्षा औषधाची व्हावी, रोग्याची नव्हे!

पश्चिम आफ्रिकेतील कालाबार येथे एकेकाळी आरोपीला एका वेलीचे विषारी बी खाऊ घालीत. वांती होऊन जगला तो निर्दोष, मेला तो अपराधी, असा तो न्याय! एडिंबरोचे डॉ. रॉबर्ट ख्रिस्तिसन यांनी १८५५ साली ते बी स्वतः खाऊन पाहिले आणि ते जेमतेम वाचले. पुढे १८६४ मध्ये त्यातून फायसोस्टिग्मिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व काचबिंदूवर ते औषध ठरले.

आता याच जातीची औषधे अतिरक्तस्रावाने येणाऱ्या शॉकवर उपयोगी पडतील काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. फार रक्त वाहून गेले की अवयवांना प्राणवायू पुरत नाही. त्यातच शरीरात दाह उसळतो आणि धडधाकट अवयवांचीही हानी करतो. मेंदूतून निघणारा व्हेगस मज्जातंतू ॲसेटिलकोलिनच्या द्वारे असा दाह आवरू शकतो, हे केव्हिन ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले. कोलिनेस्टरेज हे विकर ॲसेटिलकोलिनचे झपाट्याने विघटन करते. त्या विकरालाच रोखले तर दाहाला अधिक काळ आळा बसेल, असा हा तर्क आहे.

तर्क मोहक खरा. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. हीच औषधे हृदयाचे ठोके मंद करतात, श्वासनलिकांतील स्राव वाढवितात. कित्येक कीटकनाशकांची विषबाधा होते ती याच गुणामुळे. रक्त गमावून खचलेल्या देहाला हे कितपत सोसेल? शिवाय बेशुद्ध जखमी संमती देऊ शकत नाही. पुरेशा कसोटीविना त्याच्यावर औषध अजमावणे म्हणजे कालाबारच्या न्यायाचीच पुनरावृत्ती होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

योग्य मार्ग अज्ञात नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची चाचणी ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर झाली, २०१० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वेळेवर दिल्यास हे स्वस्त औषध प्राण वाचविते, हे ठरले.

संशोधन अवश्य चालावे. मात्र आज रात्री आमच्या हमरस्त्यावर जो रक्तबंबाळ होऊन पडेल, त्याला हवा जखम दाबून धरणारा हात, तत्पर रुग्णवाहिका आणि रक्तपेढीत तयार असलेले रक्त. ते रक्त कोणत्याही कारखान्यात निपजत नाही. ते तुमच्याआमच्या दंडातूनच यावे लागते.