लोगो नंतर, आधी वजनकाटा!



घरून माल पाठवणाऱ्या नव्या उद्योजकाला मी पहिला प्रश्न विचारतो, "काटा कुठला घेतलाय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, पिशवीवर ४५० ग्रॅम लिहिलंय ना!" इथेच नफा गळायला लागतो.

माझंही तेच झालं होतं. पहिल्या दिवाळीला ४५० ग्रॅम चिवड्याची पाकिटं विकली. ५०० ग्रॅमच्या आत बसणार असं धरून ग्राहकांकडून ६० रुपये घेतले. पण बॉक्स, बबल रॅप, टेप, बिल धरून पार्सल भरलं ५४० ग्रॅम! कुरिअरवाला ५०० च्या पुढे गेलं की थेट १ किलोचा दर लावतो. बिल आलं ९५ चं. ८६ पार्सलं, प्रत्येकी ३५ रुपये, म्हणजे ३,०१० रुपये खिशातून. एका पाकिटामागे मला सुटत होते ४० रुपये. बीबीएच्या कॉस्टिंगच्या पेपरात बरे मार्क होते हो माझे, पण पुठ्ठ्याचं वजन काही सुचलं नाही.

म्हणून वजन करायचं ते टेप मारून पूर्ण बंद केलेल्या पार्सलचं. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तो ओट्यावर किंवा फरशीवर ठेवा, टॉवेलवर किंवा गादीवर नको. बॉक्स मोठा असेल तर आकडे झाकले जातात. मग काट्यावर पातेलं उपडं ठेवा, शून्य करा आणि त्यावर बॉक्स ठेवा.

काटा बरोबर दाखवतोय का? १० रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे दहा नाणी ७७ च्या आसपास दिसली पाहिजेत. जास्त वजनासाठी मिठाची पिशवी ओळखीच्या किराणा दुकानातल्या शिक्का मारलेल्या काट्यावर तोलून घ्या, आकडा पिशवीवरच लिहा आणि घरी ताडून बघा. (हा घरगुती काटा फक्त खर्चाच्या हिशोबासाठी. माल तोलून विकणार असाल, तर वैधमापन विभागाकडून पडताळलेला काटाच लागतो.)

आता दुसरा खड्डा, आणि हा जास्त खोल. कुरिअर कंपन्या बॉक्सने अडवलेली जागासुद्धा मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागायचं. ३० × २० × १५ चा बॉक्स म्हणजे १.८ किलो! आत ६५० ग्रॅमच्या कुरडया असल्या तरी बिल २ किलोचं. त्याच कुरडया २५ × १८ × १० मध्ये बसवल्या, तर ०.९, म्हणजे १ किलोत काम. भागाकाराचा आकडा कंपनीगणिक बदलतो, तो आधीच विचारून घ्या. दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का, हेही विचारा.

काही जण सांगतात, सरसकट १०० रुपये शिपिंग लावा, डोक्याला ताप नको. मला हे पटत नाही. गावातला ग्राहक १०० बघून पळतो आणि गुवाहाटीच्या ऑर्डरला तुम्ही बुडता. माझ्या पॅकिंग टेबलासमोर एक कागद चिकटवलाय: कुठला माल, कुठला बॉक्स, बंद पार्सलचं वजन, जवळचा दर, लांबचा दर. पाकीट किंवा बॉक्स बदलला की पुन्हा तोलतो.

आणि पार्सल काट्यावर असतानाच, आकडा दिसेल असा फोटो काढा. एक फोटो टेप लावून मापांचा. नंतर "तुमचं वजन जास्त भरलं" म्हणून जादा पैसे कापले गेले, तर तक्रारीला हेच फोटो जोडायचे असतात. मी गेल्या महिन्यात दोन वेळा जोडले, एकदा पैसे परत आले.