बीमचा जुना वाक पुसला जात नाही

‘बीमला पोलादी प्लेटा जोडून ताठरता दुप्पट केली की वाक निम्मा होतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान अर्धेच खरे आहे. ताठरता वाढल्याचा फायदा फक्त नंतर येणाऱ्या भाराला मिळतो. समजा, बीम आधीच १२ मिमी वाकला आहे आणि नव्या भाराने आणखी ६ मिमी वाकला असता. प्लेटांमुळे हे ६ चे ३ होतील. एकूण वाक १५ मिमी भरेल, ९ नव्हे. जुना वाक कमी करायचा तर प्लेटा बसवण्याआधी जॅक लावून बीमवरचा भार उतरवावा लागतो. प्लेटांऐवजी लावलेल्या कार्बन फायबरच्या पातळ पट्ट्यांनी ताकद बरीच वाढते, ताठरता मात्र थोडीच.

आयएस ४५६:२००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार एकूण वाक गाळ्याच्या १/२५० पेक्षा जास्त नसावा. भिंती व फिनिशिंगनंतरचा वाक १/३५० किंवा २० मिमी, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणून सोसायट्यांना कळकळीची विनंती : काम सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष वाक मोजून घ्या आणि जुन्या व नव्या भाराचा हिशेब अभियंत्याकडून वेगवेगळा लेखी मागा.

— एक स्थापत्य अभियंता, ठाणे