खोली, बिऱ्हाड आणि घर

मॉरिशसमधील मराठी भाषकांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा साचा आता ठरून गेला आहे. आठ-पंधरा दिवस जाऊन आलेला पाहुणा लिहितो. समुद्राची निळाई, उसाची शेते, एखाद्या देवळातील आरती. मग 'सातासमुद्रापार यांनी आपली संस्कृती कशी जपली' याचे कौतुक, आणि शेवटी 'भाषा मात्र टिकली नाही हो' असा सुस्कारा. कौतुक आणि सुस्कारा या दोहोंच्या तळाशी गृहीतक एकच असते: ही माणसे घर सोडून गेली, तेव्हा त्यांच्याकडे पाहायचे ते त्या सोडलेल्या घराच्या ओटीवरूनच. हे गृहीतक तपासून घेतल्याखेरीज 'स्थलांतरितांचे साहित्य' ही अभ्यासपत्रिका एम.ए.च्या वर्गात शिकवण्यात फारसा अर्थ नाही, असे आम्हांस वाटते. या माणसांनी घर सोडले हे खरेच. परंतु त्यानंतर पिढ्यानुपिढ्या त्यांनी जे काम केले, ते घर करण्याचे.

मराठीत राहत्या जागेसाठी शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहजी बसत नाहीत. रत्नागिरीकडून मुंबईच्या गिरणीत आलेला चाकरमानी चाळीतल्या 'खोली'त राही. संसार आणला की त्याचे 'बिऱ्हाड' होई. 'घर' हा शब्द मात्र त्याने गावासाठी राखून ठेवलेला असे. मुंबईत चाळीस वर्षे काढूनही शिमग्याला, गणपतीला तो 'घरी' जाई. आपली स्थलांतराची सारी साहित्यिक समज या माणसावर पोसलेली आहे. वाट मोकळी आहे, बोट किंवा एस.टी. आहे, पैसे जमले की जाता येते. म्हणून ओढ आहे. 'नाळ', 'मुळे', 'माती' हे आपल्या समीक्षेचे लाडके शब्द या मोकळ्या वाटेनेच आलेले आहेत.

त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरूनही, काही माणसे मुंबई बंदरातून पुढे गेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' हे जहाज पोर्ट लुईला लागले. तेथपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. त्यांतले बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून आलेले. मुंबईचा वाटा लहान. या साऱ्यांपैकी साधारण एकतृतीयांश माणसे परतली. उरलेल्यांच्या बाबतीत 'घर' हा शब्द गावाला बांधून ठेवण्याची सोय उरली नाही. तो शब्द उचलून दुसरीकडे नेणे भाग पडले. आमच्या मते मॉरिशसच्या मराठी माणसाची खरी कथा या उचलण्याची आहे, आणि तिच्याकडे आपण जवळजवळ पाहिलेलेच नाही.

प्रारंभी तेथे घर नव्हतेच. होता तो मळ्याचा तळ. क्रिओल भाषेत त्याला 'कां' म्हणतात. माती आणि गवताच्या झोपड्यांची ही रांग मळेवाल्याच्या मालकीची. काम सुटले की छप्परही सुटले. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली, पण मजुरांच्या राहण्याची रीत तिच्याच वळणाची राहिली. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत होती. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे सक्तीचे केले. पास नसेल तर तो 'भटक्या', आणि भटक्याला तुरुंग. शेवटी आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी सरकारकडे अर्ज केला. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७५ साली त्याचा अहवाल बाहेर आला. इतिहासकार याकडे मजूर-चळवळ म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्यात आणखी एक गोष्ट वाचावी. ही माणसे 'आम्हांला परत पाठवा' असे म्हणत नाहीत. येथे मोकळेपणी राहू द्या, असे त्यांचे मागणे आहे.

पुढे साखरेचे भाव पडले आणि मळेवाले आपल्या जमिनीचे तुकडे करून विकू लागले. दुय्यम प्रतीचे ते तुकडे हिंदी मजुरांनी पै-पै जमवून घेतले. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आजही दिसतात. शेत करण्यासाठी वेचून, खणून काढलेले हे धोंडे; त्याला स्मारक म्हणायचे तर ते कोणी ठरवून उभारलेले नाही. हा दगड बसाल्टचा. सह्याद्रीचा कातळही बसाल्टचाच, आणि भूशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोताने दख्खनचे थर रचले, त्याच स्रोतातून कितीतरी नंतर मॉरिशस बेट वर आले. या योगायोगाला आम्ही कोणताही गूढ अर्थ चिकटवू इच्छित नाही (तसले अर्थ चिकटवणारे लेख आपल्याकडे कमी नाहीत). तरी घाटावरचा शेतकरी तेथे पहिल्यांदा कुदळ मारताना त्याच्या हाताला तो धोंडा ओळखीचा लागला असेल, एवढे म्हणायला हरकत नाही.

छप्पर मात्र ओळखीचे राहिले नाही. १९६० सालच्या जानेवारीत 'ॲलिक्स' आणि फेब्रुवारीत 'कॅरोल' अशी दोन चक्रीवादळे बेटावर आली आणि गवताची, पत्र्याची, लाकडाची हजारो घरे गेली. त्यानंतर सपाट छताची काँक्रीटची घरे सर्वत्र झाली. कोकणातल्या उतरत्या कौलांची जागा अशा छताने घेतली, आणि त्यावर लोखंडी सळ्या तशाच उभ्या ठेवलेल्या असतात. मुलाचे लग्न झाले की वरचा मजला चढवायचा. पाहुण्याला हे घर अर्धवट आणि कुरूप वाटते. कादंबरीचा वाचक असेल, तर त्याला व्ही. एस. नायपॉल यांचे मोहन बिस्वास आठवायला हवेत. 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) ही कादंबरी दुसऱ्या एका उष्ण बेटावरची, त्रिनिदादची. तिच्यातले घर कर्जाचे आहे, सदोष आहे, विकणाऱ्याने फसवून गळ्यात मारलेले आहे; आणि तरी ते घर नसते तर त्या माणसाचे काय झाले असते, हाच त्या कादंबरीचा प्राण आहे. तेथे मूळ देशाच्या ओढीला फार थोडी जागा मिळते.

आता नावांकडे वळू. नोंदवहीत कारकुनाने जे लिहिले ते वंशाला चिकटले. भिवाजी, बाबाजी, सखाराम ही आजा-पणजाची नावे तेथे आडनावे झाली. गावावरून आडनाव घेणाऱ्या आपल्या रीतीच्या अगदी उलट हे घडले. अमुककर म्हणजे अमुक गावचा. तेथे तो गाव पुसला गेला आणि पहिल्यांदा उतरलेला माणूसच घराण्याचे मूळ ठरला. आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "मग हे लोक स्वतःला कुठले म्हणत असतील?" सखारामचे, हेच उत्तर.

भाषेचेही तसेच. क्रिओलमध्ये घराला 'लाकाज' म्हणतात. फ्रेंचमधले 'ला' हे उपपद नामाला कायमचे चिकटून एकच शब्द झाला. पाण्याचे 'दिलो' हेही त्याच घडणीचे. मराठी घराण्यातली मुले घरात बहुधा क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात आणि ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत मराठी शिकता येते. तेथील सरकारी नाट्यमहोत्सवांत मराठी नाटकेही होतात. या नाटकांचे संवाद ऐकून आपल्याकडचे जाणकार 'अशुद्ध' म्हणतात. आम्हांला हा शब्द उतावीळ वाटतो. ज्या भाषेत उपपद नामाला चिकटून नवे नाम होते, त्या भाषेच्या शेजारी शतकाहून अधिक काळ राहिलेली मराठी आपल्या पाठ्यपुस्तकासारखी राहावी, ही अपेक्षा भाषाशास्त्राची म्हणता येणार नाही. ती जमीनदाराची आहे.

आणि गणपती. मुंबईचा चाकरमानी गणपतीसाठी घरी जातो. मॉरिशसच्या माणसाला जाता येईना, म्हणून त्याने गणपती बेटावर बसवला. जाखडी तेथे 'झाकरी' होऊन राहिली, विसर्जनाला नदी आणि समुद्र होतेच, आणि आज गणेश चतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. यालाच आपण 'संस्कृती जपली' म्हणतो. वास्तविक जपणे म्हणजे आहे ते तसेच ठेवणे. येथे उत्सवाची दिशाच फिरली. गावाकडे नेणारा सण गाव वसवणारा झाला.

हिंदीत अभिमन्यू अनत यांची 'लाल पसीना' (१९७७) आहे. इंग्रजीत अमिताव घोष यांच्या 'रिव्हर ऑफ स्मोक'च्या (२०११) प्रारंभी दीतीचे ते कपारीतले देवघर आहे, जेथे कुटुंबाचा इतिहास भिंतीवर चितारला जातो आणि सारा गोतावळा दरवर्षी वर चढून जातो. मराठीत या तोडीचे काही नाही, आणि ते मुंबई-पुण्यात बसून कोणी लिहील अशी आमची अपेक्षाही नाही. अभ्यासपत्रिकेपुरते बोलायचे तर 'लाल पसीना' चाकरमान्यांवरील एखाद्या मराठी कादंबरीशेजारी लावावी. सोबत मॉरिशसमध्ये लिहिले गेलेले एखादे मराठी नाटक मिळवावे, आणि ते छापताना त्यातले क्रिओल शब्द काढून तेथे शुद्ध मराठी शब्द बसवू नयेत. 'लाकाज' असेल तेथे 'लाकाज'च राहू द्यावे. अर्थ विद्यार्थी विचारतील.