कावीळ माळेने उतरत नाही

कावीळ उतरवणारी माळ आजही गावोगावी घातली जाते. वनस्पतीच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून ती बनवतात. काड्या वाळून आक्रसल्या की गाठी सैल पडतात, दोरा सुटतो आणि माळ लांबत पोटापर्यंत येते. दुसरा प्रकार चुन्याच्या निवळीचा. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळला, तर त्या निवळीत हात धुतल्यावर ती पिवळी होते आणि कावीळच उतरली असे वाटते. धडधाकट माणसाच्या हातानेही होते; अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते हे लोकांसमोर करून दाखवत आले आहेत.

मग माळ घालून माणसे बरी कशी होतात? कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातात आणि बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत त्यांचा बंदोबस्त करते. श्रेय माळेला मिळते. पण याच ई ने गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठले, तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात. अशा बाईला दवाखान्याऐवजी माळवाल्याकडे नेणे हा तिच्या जिवाशी खेळ आहे.

२०१२ साली इचलकरंजीत ई ची साथ आली. हजारो लोक अंथरुणाला खिळले, काहींचे प्राण गेले. गळकी जलवाहिनी गटाराजवळून जात असेल, तर घरोघरी पाणी उकळायला सांगून नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही.

बी आणि सी यांची गोष्टच वेगळी. ते रक्तातून, वापरलेल्या सुयांतून, आईकडून बाळाला होतात; बी असुरक्षित शरीरसंबंधांतूनही सहज पसरतो. डी हा विषाणू बी असलेल्यालाच गाठतो. डोळे पिवळे न होताही बी किंवा सी चा आजार वर्षानुवर्षे यकृत पोखरतो आणि सिरॉसिस किंवा कर्करोगापर्यंत नेतो. गुजरातमधल्या मोडासा परिसरात २००९ साली एकच सिरिंज अनेकांना वापरल्याने बी पसरला आणि कित्येकांचा बळी गेला.

आणि हे सारे टाळता येण्याजोगे आहे! बी ची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. सी तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात ९५ जणांचा बरा होतो. बी पुरता जात नसला, तरी गोळ्यांनी काबूत राहतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक प्रसूतिगृहाने बाळाला पहिल्या २४ तासांत बी ची लस टोचावी आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची बी साठी तपासणी व्हावी. दर इंजेक्शनला नव्या सुईचे, नव्या सिरिंजचे पाकीट रुग्णासमोर फोडले जावे. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोहोचतो का, याची नोंद ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने रोज फलकावर लावावी. डोळे पिवळे दिसताच रक्त तपासावे. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, बरळू लागला किंवा रक्तस्राव झाला, तर त्याला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात हलवावे.