निरोपाची बखर आणि हजेरीपट

गेल्या माघ महिन्यात धुळ्यातील एका शाळेच्या दहावीच्या निरोपसमारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. मंडपात झेंडूच्या माळा होत्या, ध्वनिक्षेपक अधूनमधून शिट्टी मारीत होता आणि पुढच्या रांगेत शिक्षकवर्ग प्रसन्न मुद्रेने बसला होता. एकामागून एक मुले उठली आणि बोलली. पाचवीचा पहिला दिवस, लळिंगच्या किल्ल्यावरची सहल, स्नेहसंमेलनातली फजिती, गणिताच्या सरांचा धाक आणि मराठीच्या बाईंची माया! शेवटी एका मुलीला हुंदका आवरेना. ‘आम्ही सारे एका कुटुंबासारखे होतो’ एवढेच ती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. घरी परतताना मात्र मला त्या टाळ्यांची लाज वाटू लागली.

वाचक म्हणतील, ऐन दिवाळीत हा गृहस्थ कसली खुसपटे काढीत बसला आहे! पण माझे भांडण त्या मुलीच्या हुंदक्याशी नाही. तो खरा होता. माझे भांडण आहे ते तिच्या वाक्यातील ‘सारे’ या शब्दाशी, आणि तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी घालणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांशी.

हे भांडण धुळ्यात मांडायला मला एक मोठा आधार आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ साली याच गावी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे असे एकंदर २२ खंड निघाले. या साऱ्या उपद्व्यापामागे एकच आग्रह होता. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा! बखर ही मागाहून, कोणाला तरी खूश करण्यासाठी लिहिलेली असते. त्या त्या दिवशी लिहिला गेलेला कागद तसे करीत नाही. मग मी विचारतो, निरोपसमारंभातील भाषणे ही बखर नव्हे तर दुसरे काय? आणि शाळेचा अस्सल कागद कोणता? हजेरीपट!

तो हजेरीपट कोणी उघडून पाहिला आहे काय? पाचवीचा हजेरीपट एका हातात घ्या व दहावीचा दुसऱ्या हातात घ्या. मध्यंतरी कोणी दुसऱ्या गावी गेले असेल, कोणी नव्याने आले असेल; ती वजाबाकी-बेरीज सोडून द्या. तरीही काही नावे उरतील, की जी कोणत्याच शाळेच्या पटावर पुन्हा चढली नाहीत. ‘आम्ही सारे’ म्हणताना ही नावे कोठे गेली?

माझ्याच बाकावरची गोष्ट सांगतो. सातवीत माझ्या शेजारी साक्रीकडचा एक मुलगा बसत असे. नातेवाइकांकडे राहून तो शिकत होता. त्याची बोली अहिराणी. फळ्यापाशी उभे केले की तो ‘माले येत नही’ म्हणे, आणि सारा वर्ग खो खो हसे. मीही हसत असे; घरी अहिराणीच बोलणारा मी तर अंमळ जास्तच मोठ्याने हसत असे. दिवाळीची सुटी संपली आणि तो आला नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला, असे कोणीसे सांगितले. काही दिवस गुरुजी त्याचे नाव पुकारीत व आम्ही ‘गैरहजर’ म्हणून ओरडत असू. मग एके दिवशी त्यांनी तांबड्या शाईने त्या नावावर रेघ ओढली आणि पुढचे नाव पुकारले. तीन वर्षांनी आमचाही निरोपसमारंभ झाला. मी त्यात लळिंगच्या सहलीवर बोललो. शेजारच्या रिकाम्या जागेवर बोललो नाही.

अशा मुलाच्या नावापुढे शाळा सोडण्याचे कारण काय लिहितात, ठाऊक आहे? ‘सतत गैरहजर’. म्हणजे मूल शाळेत का येत नाही, तर ते शाळेत येत नाही म्हणून! वैद्याने मृत्यूचे कारण ‘श्वास थांबला’ असे लिहावे, त्यातला हा प्रकार. बापाची उचल, आईचे आजारपण, पाळण्यातले भावंड, मुलीच्या लग्नाची घाई, यांपैकी कशालाही त्या रकान्यात जागा नाही. शिक्षकांना झोडपण्याचा सोपा मार्ग मला पत्करायचा नाही. रकाना त्यांनी आखलेला नाही. आणि निवडणुकीपासून खानेसुमारीपर्यंतची कामे उरकणाऱ्या शिक्षकाने ऊसाच्या फडापर्यंत जावे तरी केव्हा?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. ‘शिकायचे असते तो कसाही शिकतो, आपल्या बहिणाबाई कोठे शाळेत गेल्या होत्या?’ या युक्तिवादाचा मला मनस्वी संताप येतो. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. सोपानदेवांनी व घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून त्यांची गाणी उरली, आणि ती पुस्तकरूपाने निघाली १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. न टिपलेली किती वाऱ्यावर गेली असतील, त्याचा हिशेब कोण देणार? २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले, हे उत्तम झाले. पण त्यांची लेवा बोली आणि माझ्या बाकावरच्या मुलाची अहिराणी एकाच खानदेशी मातीतल्या. एकीचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर आणि दुसरीला वर्गात हशा, हा कोठला न्याय?

दुसरे उत्तर कायद्याचे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली की, निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, आणि त्याची मर्यादा १४ वर्षे. सव्वाशेहून अधिक वर्षांत आपण जोतीरावांच्या दोनच पावले पुढे सरकलो! आठवीपाशी कायद्याचा हात सुटतो आणि निरोपाचा हार मिळतो दहावीला. मधल्या दोन इयत्तांत जो गळाला, त्याला कायदाही ओळखत नाही आणि समारंभही.

मग समारंभ बंद करावेत काय? मुळीच नाही. मुलांनी रडावे, हसावे, फोटो काढावेत. परंतु भाषणांच्या आधी वर्गातल्याच एखाद्या मुलाने पाचवीचा हजेरीपट वाचावा. समोरून ‘हजर’ आले तर आनंदच. न आले तर ते मूल कोठे आहे, हे कोणाला तरी सांगता आले पाहिजे. तो शोध घेताना मुलांना आपोआप कळेल की, शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ज्याला याची गरज, त्याच्यापर्यंत ही बातमी पोचवायला जुन्या वर्गमित्राहून जवळचे कोण?

आणि वडीलधाऱ्यांनी तरी मुलांवरच सारे का सोपवावे? हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चकलीचा घाणा निघत असेल, आणि फराळाची तेलकट पातेली घासायला मोरीत कदाचित एखादी तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसली असेल. तिला फराळ आपण देतोच, ओवाळणीही घालतो. यंदा तिला एवढे विचारा, ‘बाई, तू कितवीत?’ ती क्षणभर गप्प राहिली, तर तिचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर होते तेही विचारा, आणि सुटी संपेल त्या सोमवारी तिला घेऊन त्या शाळेत जा.

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून आणि नंदुरबारकडून गाड्या सुटतात त्या याच दिवसांत. पणत्या विझतात, दुसरे सत्र उघडते, आणि गुरुजी हजेरी घेऊ लागतात. माझ्या बाकावरचा मुलगा त्यानंतर मला कधीच भेटला नाही. मी शोधलाही नाही. पुढच्या माघात मला कोणी पाहुणा म्हणून बोलावलेच, तर मी लळिंगच्या सहलीवर बोलणार नाही. मी त्याचे नाव पुकारीन.