रुसलेला ड्रम

दोस्तांनो, ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात तीन महिने पर्यटकांना बंद असतो. वाघ सुट्टीवर जातात की नाही, कोण जाणे. पण सफारीच्या जिप्सी मात्र जातात! मोहर्लीकडच्या अंगणांत त्या भिजत उभ्या राहतात. ऑक्टोबर जवळ आला, की मागचे ब्रेक साफ करायचे. चाक निघतं, पण ब्रेकवर पालथ्या पातेल्यासारखा बसलेला ड्रम? तो हलतच नाही.

का बरं? ड्रम मधल्या हबवर घट्ट बसवलेला असतो. केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं, गंज चढतो. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, बरं का! म्हणजे आत पाचरच ठोकली म्हणा. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात लोखंडाचा खनिज दगड आहे. तोही लोखंड आणि प्राणवायूचाच. गंज म्हणजे पुन्हा दगड व्हायला निघालेलं लोखंड!

मी एकदा रागाच्या भरात मोठा हातोडा घातला. ड्रम असतो बिडाचा, आणि बीड कडक पण ठिसूळ. काठाचा टवका उडाला. नवा ड्रम आणावा लागला, वर घरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग एका मिस्त्रींनी ड्रमवरची दोन रिकामी छिद्रं दाखवली. आत आटे पाडलेले. मला वाटायचं, वजन कमी करायला ठेवली असतील! त्यांनी आधी हँडब्रेक सोडला, नाहीतर आतले शू ड्रमला धरून ठेवतात. फटीत गंज सुटायचं तेल सोडलं, जरा थांबले. मग त्या छिद्रांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घातले आणि पान्याने आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा दिला. एकच बोल्ट आवळला तर ड्रम तिरपा होऊन आणखी अडकतो. थोड्या वेळाने 'टण्ण' झालं, आणि ड्रम हातात!

हिशेब करा. पाना 15 सेंटिमीटर लांब असेल, तर एका फेऱ्यात त्याचं टोक सुमारे 94 सेंटिमीटर फिरतं. बोल्ट पुढे सरकतो फक्त सव्वा मिलिमीटर. घर्षणात बराच जोर वाया जातो, तरी उरतो तो हातोड्याला भारी. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेकच्या चकतीलाही अशी छिद्रं असतात.

आई-बाबांनो, हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली पक्का स्टँड हवाच. आतली काळी भुकटी फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने पुसा.

आणि दोस्तांनो, ड्रम बाहेर असताना गाडीत बसून ब्रेकचं पेडल दाबायचं नाही! माझ्या पुतण्याने दाबलं. आतला पिस्टन बाहेर आला, ब्रेकचं तेल अंगणभर, आणि दुपारचं काम गेलं रात्रीवर.